णमास्तर

माघ लागला की जालन्याहून राजूरकडे जाताना एका ठरावीक वळणावर मी बसची खिडकी उघडतो. शेजारच्या प्रवाशाला थंडी वाजते. तो माझ्याकडे बघतो, मी बाहेर बघतो. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा फुललेल्या असतात. फूल पांढरं, नखाएवढं, दिसायला अगदीच साधं. मोगऱ्याला आणि चाफ्याला आपल्या साहित्यात कायमची नोकरी आहे, मोसंबीच्या फुलाला अजून लागलेली नाही. वास मात्र असा की आधी गोड वाटतो आणि मग घशाशी किंचित कडवट होतो. वळण संपलं की मी खिडकी लावतो. शेजारी सुस्कारा सोडतो. एवढ्या दोन-तीन मिनिटांत मी माझ्या आयुष्यातल्या एका हिवाळ्यात जाऊन आलेला असतो, याची त्याला कल्पना नसते.

ही फुलं आपोआप येत नाहीत. ऐन थंडीत बागेचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाडाला तहानलेलं ठेवतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड आता जातं की काय असं वाटायला लागतं. मग पाणी सोडतात आणि ते उरलासुरला जीव गोळा करून फुलतं. याला बागेला ताण देणं म्हणतात. हा शब्द मला पहिल्यांदा कौसल्येने सांगितला आणि तो मी चुकीचा ऐकला. ती म्हणाली होती, "आमची बाग सध्या तानावर हाय." आम्ही दोघं तेव्हा गाणं शिकत होतो. त्या काळात झाडांना संगीत ऐकवल्याने ती जोमाने वाढतात, असे लेख मासिकांतून येत आणि मी मासिकं फार वाचत असे. मी तिला या विषयावर पाच-सात मिनिटं माहिती दिली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "व्हय का? आमच्या झाडाला पानी लागतं."

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. नव्या जालन्यात, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर एक बंद पडलेली जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. तिच्या मालकांना संगीत नाटकाचं वेड होतं. त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं आणि नाटकात कामही कधी केलेलं नव्हतं, त्यामुळे वेड शुद्ध स्वरूपात टिकलं होतं. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत चार महिने होतकरू गायक-नटांना एकत्र ठेवायचं, खाऊ-पिऊ घालायचं, जुन्या पद्धतीची तालीम द्यायची आणि शेवटी एक नाटक उभं करायचं, अशी त्यांची योजना. ते संस्थेचे अध्यक्ष झाले आणि त्या दिवसापासून त्यांना नाव उरलं नाही. घरातली माणसंही 'अध्यक्ष जेवले का' असं विचारू लागली.

त्यांच्या या तालीम केंद्राचं नाव इतकं लांब होतं की बोर्ड रंगवणाऱ्याला ते एका ओळीत बसवता आलं नाही. 'निवासी' हा शब्द त्याने खाली वेगळा, मोठ्या अक्षरांत काढला. परिणामी पुष्कळ आईबाप वसतिगृह समजून चौकशीला येत. उद्घाटनाला अकरा भाषणं झाली. संगीत रंगभूमीच्या सुवर्णकाळाचं पुनरुज्जीवन आजपासून जालन्यात होत आहे, हे अकरांपैकी नऊ जणांनी सांगितलं. आम्ही आठवडाभर बसवलेलं स्वागतगीत वेळेअभावी रद्द झालं.

आम्ही सहा जण होतो. चार मुलगे जिनिंगच्या गोदामाशेजारच्या खोलीत, दोन मुली मॅनेजरच्या घरी, त्यांच्या बायकोच्या देखरेखीखाली. जिनिंग बंद होती तरी कापूस गेला नव्हता. कडीपाटाच्या फटींतून, खिडक्यांच्या जाळ्यांतून त्याचे तंतू निघत राहत. पहाटे पाचला आम्ही खालच्या सुरांत खर्ज लावायला बसलो की मधेच कुणीतरी खोकत असे. दिवसभर सरकीचा तेलकट वास. अजून कुठे सरकीच्या ढेपेचं पोतं उघडलं की माझा हात नकळत गळ्याशी जातो.

शिकवायला बुवा होते. संगीत नाटकांच्या कंपन्यांबरोबर चाळीस वर्षं गावोगाव फिरलेला माणूस. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. त्यांची पद्धत एकाच वाक्यात सांगता येते: आधी बोल, मग गा. नाटकातलं पद हाती दिलं की पहिले चार दिवस ते गायचं नाही. नुसतं बोलायचं, शेजाऱ्याला सांगावं तसं. मग त्याच्या आधीचं वाक्य बोलायचं आणि त्या वाक्यातून पद निघतं का ते बघायचं. "गाणं वरून आणून चिकटवू नका," ते म्हणत. "बोलता बोलता माणसाला पुढं बोलणं अशक्य झालं, तरच त्यानं गावं." मी तेव्हा बी.ए. झालेलो होतो, सौंदर्यशास्त्रावरची दोन पुस्तकं वाचलेली होती, आणि बुवांचं हे बोलणं मला फार अडाणी वाटलं होतं. आता त्या दोन पुस्तकांतलं मला काही आठवत नाही.

कौसल्या धावड्याची. घरची शेती, थोडी मोसंबी. तिला सोडायला वडील एसटीने आले होते, सोबत ज्वारीचं पोतं. केंद्रात जेवण फुकट आहे असं सांगितल्यावर ते म्हणाले, "असू द्या. पोरगी खाती लई." मग बुवांना बाजूला घेऊन त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. गळा चांगला आहे असं सगळे म्हणतात, आपल्याला त्यातलं कळत नाही. चार महिने ठेवा. पुढं जाण्यासारखी असली तर आपण आडवे येणार नाही. नसली तर तसं स्पष्ट सांगा, उगीच पोरीला आशेवर ठेवू नका. एवढं बोलून ते परतीच्या गाडीला गेले. अध्यक्षांच्या भाषणांपेक्षा हे मला तेव्हाही बरं वाटलं होतं.

तिचा आवाज कसा होता हे सांगायचं तर मला उपमा शोधावी लागेल आणि उपमांवरचा माझा विश्वास उडालेला आहे. एवढंच सांगतो की ती गायला लागली की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं गप्प बसत नसत, पण आपल्याला ती ऐकू येईनाशी होत. तबल्याच्या साथीला जुन्या जालन्याचे उस्मानभाई येत. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते फारसं कुणाचं कौतुक करत नसत. पहिल्या दिवशी तिला ऐकून त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं.

केंद्राच्या शेवटी एक जागा होती. हे पहिल्याच दिवशी जाहीर झालं होतं. समारोपाच्या नाटकाला पुण्याहून परीक्षक येणार, सहांपैकी एकाला निवडणार, आणि त्या एकाची पुण्यात एका मोठ्या गायकाच्या घरी राहून दोन वर्षं शिकण्याची सोय संस्था करणार. ती जागा कौसल्येची आहे हे पहिल्या आठवड्यातच आम्हा सगळ्यांना कळलं. अडचण एकच होती. तिला ण म्हणता येत नव्हता.

म्हणजे आमच्या भागात तो पुष्कळांना येत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. पानी प्यायल्याने तहान भागतेच. पण संगीत नाटकाची भाषा शुद्ध, आणि पुण्याहून येणारे परीक्षक उच्चारांबद्दल विशेष कडक असल्याची ख्याती होती. सहा जणांत माझी वाणी सगळ्यांत स्वच्छ. आमचं घराणं जुन्या जालन्यातलं, वडील वकील, घरात श्लोक, पाठांतर, वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल खुणा. तेव्हा बुवांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "हिचा ण सुधार. जागा हिची." मग ऑर्गनचं झाकण लावता लावता म्हणाले, "नाही सुधारला तर तुझी आहेच." ते हसत म्हणाले. मीही हसलो.

रोज दुपारी जेवणानंतर वजनकाट्याच्या ओट्यावर आमची शिकवणी भरे. मी दोनशे शब्दांची यादी केली होती. बाण, प्राण, वेणी, वीणा, चरण, शरण, क्षण, कोण. मी म्हणायचं, तिने माझ्यामागून म्हणायचं. जीभ कुठे लावायची, किती वळवायची, हे मी आकृती काढून समजावलं. ती आकृतीकडे बघून म्हणाली की हे तर म्हशीला औषध पाजताना जीभ धरतात तसं दिसून राह्यलं. तिचे न आणि ण एकाच दावणीला बांधलेले आहेत, असं मी एकदा चिडून म्हणालो. त्यावर तिचं म्हणणं असं पडलं की दोन बैल एका दावणीला बांधले तर एकमेकांना खात नाहीत. तिनेच मला णमास्तर हे नाव पाडलं. तिला ते म्हणता येत नसे, त्यामुळे प्रत्यक्षात मी नमास्तर झालो. उस्मानभाई तिच्या बाजूचे. "मास्तर, हमारे तबले में बस एक 'ना' है," ते म्हणाले, "उसपे साठ साल निकल गए."

एकदा यादी म्हणता म्हणता ती थांबली. मी कारण विचारलं. ती ओट्यावरचा कापसाचा एक तुकडा घेऊन तो पिंजत बसली. मग म्हणाली, "मला गानं पुरं शिकायचंय, भाऊ. अर्धं आलं की लई तरास होतो. बिलकुल न आलेलं बरं असतं." मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. बहुधा 'गाणं' असं म्हणालो असेन.

संक्रांतीला ती दोन दिवस घरी जाऊन आली. तोवर तिचा ण बराच बसला होता. आल्यावर तिने सांगितलं की घरी तिने पाणी मागितलं तर आईने विचारलं, कोनावर रुसलीस? आम्ही सगळे हसलो. तीही हसली, पण अर्धंच. बागेचं पाणी सोडलं होतं आणि झाडांवर फुलं धरायला लागली होती, असंही तिने सांगितलं. ओढणीच्या टोकाला बांधून तिने चार फुलं आणली होती. ती तिने बुवांच्या ऑर्गनवर ठेवली आणि दोन दिवस त्या सरकीच्या वासात हा दुसरा वास मिसळून राहिला.

मी कुठे चुकलो ते सांगायला हवं. माझ्या यादीत सगळे शब्द ण असलेले होते. न असलेला एकही नव्हता. न तर तिला येतोच, तो शिकवायचा कशाला, असा माझा हिशेब. पण शिकणाऱ्याचं डोकं स्वस्थ बसत नाही, ते आपला नियम आपण बनवतं. तिने बनवलेला नियम असा की शब्दाच्या सुरुवातीला न आणि पुढे आला की ण. नियम म्हणून तो चांगलाच होता. माझ्या दोनशे शब्दांना तो तंतोतंत लागू पडत होता.

नाटक अध्यक्षांच्या दिवंगत काकांनी लिहिलेलं होतं. त्यात बेचाळीस पदं होती, त्यांतली एकतीस बुवांनी काकांच्या आत्म्याची क्षमा मागून कापली. उरलेल्यांत एक पद कौसल्येचं, नायिकेचं. सगळं नाटक त्या एका पदावर उभं होतं हे अध्यक्ष सोडून सर्वांना माहीत होतं. नायिकेचा नवरा तिला टाकून गेलेला आहे, माहेरी परतायला तोंड नाही, आणि ती अंगणात उभी राहून म्हणते, 'मन माझे ठेवू कुठे'. काकांनी आयुष्यात लिहिलेली एवढी एक ओळ चांगली होती.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी रंगीत तालीम झाली. कौसल्या नऊवारी नेसून उभी होती. आधीचं वाक्य ती असं बोलली की गाणं खरंच त्यातून निघालं. आणि ती गायली, 'मण माझे ठेवू कुठे.'

बुवांनी ते ऐकलं नाही. ऑर्गन वाजत होता आणि ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. उस्मानभाईंना न काय आणि ण काय. बाकीचे चौघं आपापल्या पदांच्या काळजीत. ऐकलं ते मी. ती ज्या क्षणी म्हणाली त्या क्षणी ऐकलं. शिकवणारा मीच होतो, त्यामुळे चूक कुठून आली हेही तिथल्या तिथे कळलं. तालीम संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि तिने बराबर झालं का, असं विचारलं. मी सांगितलं, छान झालं.

मी खोटं बोललो असं नाही. छान झालंच होतं. ऐन वेळी सांगितलं तर ती गोंधळेल, सगळेच न आणि ण हलतील, दोन दिवसांत आणखी बिघडेल, असा मी विचार केला. विचार चुकीचा नव्हता. माझं दुर्दैव असं की मी पुष्कळ वाचलेला मुलगा होतो आणि अशा मुलाला कोणत्याही गोष्टीसाठी योग्य कारण चटकन सापडतं. त्या दोन दिवसांत मी तिला निदान दहा वेळा एकटं गाठू शकलो असतो. एकदा तर जेवताना ती माझ्या शेजारीच होती आणि वाढणाऱ्या बाईंना तिने चुण्याची डबी मागितली. बाई म्हणाल्या, काय मागून राह्यली बाई? मी चुन्याची डबी उचलून तिच्यापुढे सरकवली आणि भात कालवत राहिलो.

प्रयोग संध्याकाळी सहाला जिनिंगच्या आवारात, मांडवात. पुढच्या रांगेत अध्यक्ष, परीक्षक, इतर मान्यवर आणि त्यांच्या शाली. त्यांच्या मागे मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, अडतवाले, वकील, बँकवाले, शाळामास्तर. कडेला, कापसाच्या जुन्या गाठींच्या चळतीवर, स्टेशनातले आणि मोंढ्यातले हमाल बसले होते. भाषणांना एक तास लागला. परीक्षक रेशमी झब्ब्यात होते आणि त्यांनी आपल्या भाषणात 'उच्चार' हा शब्द इतका सुंदर उच्चारला की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी नायकाच्या मित्राचं काम करून विंगेत उभा होतो, जिथून कौसल्या दहा हातांवर दिसत होती. ती वाक्य बोलली. मांडव शांत झाला. ऑर्गनने सूर दिला आणि तिने ओळ घेतली. 'मण माझे ठेवू कुठे.'

दुसऱ्या गावी हे कदाचित खपून गेलं असतं. जालन्यात तीन पिढ्या मणावर जगलेली माणसं समोर बसली होती. किलो येऊन वर्षं झाली तरी मोंढ्यातल्या जुन्या अडत्यांच्या तोंडी अजून मणच होता. मधल्या रांगेतून एक जण निवांतपणे म्हणाला, "अडतीवर ठेव."

हसू आधी त्या रांगेत फुटलं, मग मांडवभर पसरलं. पुढच्या रांगेतल्या शालीही हलल्या. कौसल्येला लोक का हसतात ते कळेना. बुवांनाही कळेना, पण कंपनीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात थांबत नाहीत. ते मुखड्याची तीच सुरावट फिरून फिरून वाजवत राहिले. उस्मानभाई ठेका धरून होते. त्या वेळात तिने मान वळवून विंगेत माझ्याकडे पाहिलं. मला काही बोलायचीही गरज नव्हती. नुसते ओठ हलवून 'मन' म्हणालो असतो तरी तिला पुरलं असतं. ती शब्द ओठांवरून उचलायला माझ्याचकडे शिकली होती.

मी खाली पाहिलं.

नंतर जे झालं ते मी पुष्कळांना सांगितलं आहे आणि दर वेळी थोडं बिघडवलं आहे, म्हणून आता साधं सांगतो. तिने समोर पाहिलं. हसणाऱ्यांकडे नाही, गाठींवर बसलेल्या हमालांकडे. 'अडतीवर ठेव' आणि समोर हे हमाल, यावरून तिला शब्द सापडला असावा. ओळ परत आली तेव्हा ती दुरुस्त करील असं मला वाटलं. तिने दुरुस्त केली नाही. तोच शब्द घेतला, पण खालच्या सुरात, सावकाश. 'मण' वर ती थांबली, पाठीवर ओझं घेतलेला माणूस पाऊल टाकण्याआधी थांबतो तशी. मग 'ठेवू' लांबवलं. इतकं लांबवलं की ती ते ओझं खरंच कुठेतरी खाली ठेवायला जागा शोधत होती आणि जागा मिळत नव्हती. हसू अर्ध्यावर आलं आणि राहिलं. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा मांडवात कुणी हसत नव्हतं. चळतीवरचा एक म्हातारा हमाल, शेजाऱ्याने काही विचारल्यासारखं, हळूच म्हणाला, "व्हय."

पद संपलं आणि 'वन्स मोअर' आला. आवाज ओळखीचा होता. 'अडतीवर ठेव' म्हणणारा तोच माणूस होता.

निकालाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. परीक्षकांचं मत स्पष्ट होतं. आवाज फार वरच्या दर्जाचा. परंतु मन आणि मण यांतला भेद जिला कळत नाही, आणि जी एकदा नव्हे, चार वेळा तीच चूक करते, तिला शास्त्रशुद्ध संगीत रंगभूमीची प्रतिनिधी म्हणून पुण्याला नेता येणार नाही. बुवा म्हणाले, पहिली चूक होती, पुढची तीन गाणं होतं. परीक्षक म्हणाले, चूक ती चूक. अध्यक्षांनी सुवर्णकाळाच्या वतीने परीक्षकांना दुजोरा दिला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: वाणी अत्यंत शुद्ध, स्वर समाधानकारक.

अध्यक्षांनी मग एक तोडगाही सुचवला. पुढच्या प्रयोगांत शुद्ध बोलणारी मुलगी रंगमंचावर उभी करावी आणि कौसल्येने पडद्याआडून गावं. कौसल्येने ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं की मग तोंड हलवणारीला ते वाक्य कोण देणार, ज्यातून गाणं निघतं? दुपारच्या गाडीने तिचे वडील आले. त्यांना बुवांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण ते बराच वेळ बोलत होते आणि बुवांचे हात जोडलेले होते. वडील आम्हा सगळ्यांना राम राम करून गेले. त्यांनी मला विशेष धन्यवाद दिले, पोरीवर इतकी मेहनत घेतली म्हणून.

बुवांच्या पाया पडायला गेलो तेव्हा ते ऑर्गन पुसत होते. फक्त म्हणाले, "जा. शीक. पण एक लक्षात ठेव, तू निवडला गेलायस. ऐकला गेलेला नाहीस."

पुण्यात मी दोन वर्षं काढली. तिथेही माझी वाणी शुद्ध आणि स्वर समाधानकारकच राहिला. परत आलो, बँकेची परीक्षा दिली, पास झालो. काही वर्षं बँकेच्या गणपतीत एखादं पद म्हटलं, सहकारी टाळ्या वाजवायचे. मग तेही थांबलं. केंद्र दुसऱ्या वर्षी भरलं नाही. अध्यक्षांचा उत्साह दरम्यान सामुदायिक विवाहांकडे वळला होता. जिनिंगच्या जागी आता बियाण्यांच्या कंपन्यांची कार्यालयं आहेत, समोर मोटारसायकलींची रांग. तिथून जाताना कुठलाच वास येत नाही.

यंदा चतुर्थीला राजूरला गेलो होतो. मी भाविक नाही, बायको आहे. ती दर्शनाच्या रांगेत असताना मी दुकानांच्या ओळीमागून फिरत होतो. एका पत्र्याच्या सभागृहात आठ-दहा पोरी पेटीभोवती बसल्या होत्या आणि त्यांना शिकवणारी बाई पाठमोरी होती. ती एका पोरीला सांगत होती, "आधी बोल. मंग गा."

वीस वर्षांनी माणूस बदलतो, पण मी तिला ओळखायला वेळ लावला नाही. तिनेही मला. नमास्तर, म्हणाली. नवरा भोकरदनला शिक्षक, दोन मुलं, धावड्याची बाग भाऊ बघतो, चतुर्थीला ती इथे येऊन पोरींना तासभर शिकवते, असं सगळं तिने सांगितलं. बाग फुलल्याचं सांगितलं. तिचा ण गेला होता. म्हणजे आपल्या घरी परत गेला होता.

मी वीस वर्षं एक वाक्य तयार करून ठेवलेलं होतं आणि ते फार चांगलं झालेलं होतं. ते आठवेना. मी नुसतं सांगितलं की रंगीत तालमीला मी ऐकलं होतं. दोन दिवस आधी. सांगितलं नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, कसं?

"तुम्ही छान झालं म्हनले ना. इतक्या दिवसात कधी म्हनले नव्हते." ती हसली. "मंग मला वाटलं काहीतरी चुकून राह्यलं. काय ते कळंना."

मग मला का नाही विचारलंस, म्हणालो.

तिने पेटीचा भाता लावून टाकला. "विचारलं असतं अन् तुम्ही तरी बी सांगितलं नसतं, तर? त्यापरीस चुकलेलं परवडलं."

पोरी आमच्याकडे टकामका बघत कुजबुजत होत्या. तिने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. मग माझ्याकडे वळून, पाहुण्याची विचारपूस करावी तितक्या सहज तिने विचारलं, "आता काय गाता, भाऊ?"

मी सांगितलं, काही नाही. सोडून पंधरा वर्षं झाली.

तिचा चेहरा तेव्हा बदलला. त्या हिवाळ्यातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल तो बदलला नव्हता, याबद्दल बदलला. पडीक ठेवलेल्या चांगल्या जमिनीकडे शेतकरी बघतो तशी ती माझ्याकडे बघत होती.

"म्हंजी ती जागा कोनालाच न्हाई मिळाली," ती म्हणाली.

मी निरोप घ्यायला उभा राहिलो. तिने पाहिलं नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका पोरीचा षड्ज लागत नव्हता आणि ती उठून तिच्या शेजारी जाऊन बसली होती.